कुत्र्याला घरी इन्सुलिन कसं द्यायचं

निदान झालंय आणि डॉक्टरांनी डोस ठरवून दिलाय, असं धरून चालतो. मेथीचं पाणी नि कारल्याचा रस सुचवणाऱ्यांना आधी हात जोडा. कुत्र्याच्या मधुमेहात बहुतेक वेळा स्वादुपिंडच इन्सुलिन बनवायचं थांबवतं, त्यामुळं आजोबांच्या शुगरच्या गोळ्या तिथं कामाच्या नाहीत.

आधी जेवण, मग सुई, दर 12 तासांनी. खाल्लं नाही तर सुई न देता डॉक्टरांना फोन.

सिरिंज बाटलीवरचा आकडा (एका मिलिलिटरमध्ये किती युनिट इन्सुलिन) बघूनच घ्या: 40 ला लाल टोपीची, 100 ला नारिंगी. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 10 रेघांपर्यंत भरलंत, तर अंगात 25 युनिट जातात.

आता माझी खरी फजिती. आमची सोनी, जाडजूड लॅब्राडोर. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई टोचायची, तर ती पलीकडून बाहेर! बोटांना केस ओले लागले तेव्हा कळलं. मान सोडा, बरगड्यांच्या बाजूला टोचा, रोज जागा बदला. कातडी तंबूसारखी उचला आणि सुई तंबूच्या पायथ्याशी, अंगाला जवळपास समांतर घाला. नंतर बोट फिरवून वास घ्या. औषधाचा उग्र वास आला तर ते बाहेर सांडलंय. तरीही दुसरी सुई द्यायची नाही, म्हणजे नाही. किती आत गेलं ते तुम्हाला माहीत नसतं. एक वेळ साखर चढलेली चालेल, उतरलेली जीव घेते.

मादी असेल तर नसबंदी करून घ्या. माजानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्यानं स्तनग्रंथींतून वाढीचं हार्मोन सुटतं आणि त्यामुळं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. चरबीचंही तसंच. पांढऱ्या रश्श्यातली हाडं प्रेमानं आणून देणाऱ्या शेजारच्या काकूंना मी शेवटी हात धरून परत पाठवलं.

पण नसबंदी झाली, वजन उतरलं की जुनाच डोस जास्त होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रंकाळ्यावर फिरताना सोनीचे मागचे पाय लटपटले, नजर हरवली. चहाच्या गाडीवरून साखर मागून पाण्यात कालवली आणि हिरड्यांना चोळली, मग थेट दवाखाना. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका. तेव्हापासून पट्ट्याच्या खुंटीलाच काकवीची छोटी बाटली टांगलेली असते.