जर्मनीचा खर्च: पहिला महिना वेगळ्या पानावर लिहा

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका पतसंस्थेत मी एकतीस वर्षं किर्द-खतावणी लिहिली. त्यामुळं मुलगी जर्मनीला निघाली तेव्हा घरात बाकीचे डोळे पुसत होते आणि मी वही आखत होतो. तिला जाऊन आता वर्ष होत आलंय. आठवड्याला कुणीतरी दारात येतंय, "काका, जर्मनीला किती लागतंय हो?" सगळ्यांना एक आकडा हवा असतो. मीही एकच आकडा धरून बसलो होतो आणि तिथंच चुकलो. म्हणून वहीच उघडून सांगतो.

विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. आम्ही भरली ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. मी मनात हिशेब मांडला: सरकारच म्हणतंय महिना ९९२, तर पोरीच्या हातात हजार दिले की पहिला महिना निघाला. पण ते खातं नावाप्रमाणं बंदच असतं. तिथं पोचायचं, चालू खातं उघडायचं, त्याचे कागद पाठवायचे, मग त्यातून पहिला हप्ता सुटतो. आमचा सतराव्या दिवशी सुटला. तोवर हजार युरो संपून तिनं निपाणीच्या एका मुलीकडून तीनशे उसने घेतले होते, आणि हे मला दोन महिन्यांनी कळलं. निपाणीची नसती तर काय केलं असतं, हा विचार मी अजून करतो.

पतसंस्थेत आम्ही कपाटाचा खर्च आणि चहाचा खर्च कधी एका खात्यात धरला नाही. इथंही तसंच करा. बूड टेकायचा खर्च एका पानावर, दिवस काढायचा खर्च दुसऱ्या. तिचं पहिलं पान असं आहे: फ्रँकफर्टहून तिच्या विद्यापीठाच्या गावापर्यंत, म्हणजे केम्निट्सपर्यंत रेल्वे ६०, खोलीची अनामत ४००, पहिलं भाडं २६८, विद्यापीठाचं सत्रशुल्क २९०, आरोग्य विमा १४५, अंथरूण-पांघरूण आणि चार भांडी १४५, खाणं १२०, सिमकार्ड आणि किरकोळ ३०. तेरीज १,४५८ युरो. यात राहण्याच्या परवान्याचे १०० धरलेले नाहीत, ते पुढच्या महिन्यात गेले. माझं मत विचाराल तर बंद खात्याशिवाय दोन हजार युरो हाताशी असू द्या. थोडे रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर.

त्याच्या आधी इथला खर्च. पदवीचे कागद तपासून घेण्याच्या एपीएस प्रमाणपत्राला १८,००० रुपये, व्हिसाचे ७५ युरो. व्हिसासाठी आमच्या मुंबईच्या पाहुण्यांनी आग्रह केला, "इकडंच या की, आमच्याकडं उतरा." पण पत्ता कर्नाटकाचा, त्यामुळं बेंगळुरूच. मराठी बोलतो म्हणून मुंबई मिळत नाही. बेंगळुरूच्या दोन खेपा धरून चला, एका कागदात काहीतरी राहतंच. एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. ज्यांची पदवी व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची आहे त्यांना ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, बिदर-मंगळूरकडच्या पोरांसारखा प्रवास नाही, विद्यापीठ आपल्या मच्छेतच आहे.

परदेशी पैसे पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापते, हे बँकेत गेल्यावर कळलं. तेव्हा मर्यादा सात लाखांची होती आणि युरो नव्वदच्या घरात. वरच्या पावणेचार लाखांवर पाच टक्के, म्हणजे साडेअठरा हजार रुपये अडकले. आयकर विवरणात ते वळते होतात, बुडत नाहीत, पण ऐन वेळी हातातून जातात. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा दहा लाखांची झालीय, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर कापतच नाहीत. पतसंस्थेचं कर्ज मात्र त्यात बसत नाही. मी स्वतः पतसंस्थेचा माणूस असून हे सांगतोय, तेव्हा ऐका: यासाठी पतसंस्थेत जाऊ नका, बँकेत जा.

आता दुसरं पान, महिन्याचं. भाडं २६८, त्यात वीज, पाणी, हीटर, इंटरनेट सगळं आलं. विमा १४५. हा विद्यार्थी दर तिशीपर्यंतच मिळतो, तेव्हा चार वर्षं नोकरी करून उशिरा जाणाऱ्यांनी जपून. फोन १०. रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून दर घरामागं १८.३६ युरो घेतात, घरात टीव्ही असो वा नसो. नोटीस आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी टीव्ही बघतच नाही, कशाला भरू?" भरावीच लागते. तिच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दोघी आहेत, म्हणून प्रत्येकी ९.१८. खाणं १७०, कपडे धुणं आणि बाकी किरकोळ पन्नास. साडेसहाशेत महिना बसतो. बसच्या पासाचे पैसे सत्रशुल्कातच आले. नोकरदारांना देशभराचा मासिक पास विकत घ्यावा लागतो. तो २०२३ साली ४९ युरोचा होता, २०२५ला ५८ झाला, आणि जानेवारी २०२६ पासून ६३.

पण हे केम्निट्सचं पान आहे. केम्निट्स पूर्वेकडचं, जुन्या कारखान्यांचं गाव, आमच्या बेळगावच्या कारखान्यांच्या उद्यमबागेचा थोरला भाऊ म्हणा. म्युनिकला नुसती खोलीच सातशेच्या पुढं जाते, म्हणजे ९९२ मध्ये विमा भरून खायला काय उरणार? स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्कही आहे. जर्मनीत शिक्षण फुकट म्हणतात ते सगळीकडं खरं नाही. विद्यापीठाचं नाव बघायच्या आधी गावाचं भाडं बघा. मोठ्या नावाच्या नादानं गेलेली पोरं रात्री गोदामात खोकी उचलताना मी व्हिडिओवर पाहिलीत.

भाड्याविषयी जरा थांबून सांगतो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथंच बुडतात. जाहिरातीत दोन भाडी असतात. एक कोरडं, त्याला ते थंड भाडं म्हणतात. दुसरं उबदार, म्हणजे हीटर, पाणी, कचरा धरून. बघायचं ते उबदार. त्यातही वीज बहुतेक वेळा वेगळीच असते. हीटरचे पैसे महिन्याला अंदाजानं घेतात आणि वर्षाच्या हिशेबाला फरक काढतात. हिवाळाभर हीटर चालू ठेवून खिडकी उघडी टाकली तर पुढच्या वर्षी तीन-चारशेचं बिल हातात येतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानं आहे. घर न दाखवता आधी अनामत मागणाऱ्याला एक पैसा पाठवायचा नाही. आमच्या ओळखीतल्या एकाचे आठशे युरो असेच गेले, परत आले नाहीत. आणि नोकरीवाल्यांनो, रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं: बऱ्याच घरांत ओटा नसतो, सिंक नसतं, दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचारा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, आणि त्याला घरमालकाची सही लागते. तिथल्या अर्जात धर्म विचारतात. बेळगावच्या कॅम्पातल्या आपल्या कॅथलिक कुटुंबांतली पोरं सरळ मनानं कॅथलिक लिहितात, आणि पुढं पगार सुरू झाला की आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्चकर कापला जातो. लिहा किंवा लिहू नका, पण माहीत असून लिहा.

पगाराचंही तसंच. पन्नास हजार युरोचं पत्र आलं की इथं लोक शंभरानं गुणून पेढे वाटतात. एकट्या माणसाच्या हातात त्यातले महिना सव्वीसशे-सत्तावीसशे पडतात. बाकी कर, विमा, पेन्शन.

खाण्याचं तिच्या आईच्या खात्यात. पहिल्या खेपेला तिनं दहा किलो बासमती बॅगेत घातला होता, आपला बेळगावी. वजनकाट्यावर तीन किलो जास्त भरले आणि तांदूळ विमानतळावरच काढावा लागला. तांदूळ, मसूर, मिरच्या, कोथिंबीर, कणीक तिथं तुर्की दुकानात मिळतात, आणि मसूर तर आपल्याहून फार महाग नाही. न्यायचा तो मसाला, लसणीची चटणी, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह औषधं. भाकरीचं पीठ नेऊ नका. विजेच्या शेगडीवर ज्वाला नसते, भाकरी फुगत नाही. पोरीनं तीन वेळा करून पाहिली आणि चौथ्या वेळी व्हिडिओ बंद केला.

बाजार शनिवारी. रविवारी दुकानं बंद असतात, हे ती पहिल्या रविवारी उपाशी राहून शिकली. पाण्याच्या, शीतपेयाच्या बाटल्या टाकू नका. प्लॅस्टिकच्या वापरून फेकायच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट आधीच घेतलेले असतात. दुकानाच्या कोपऱ्यात यंत्र असतं. एकदा तिनं फोन तिथं धरला. एकेक बाटली भोकात जाते, आत फिरते, यंत्र गुरगुरतं आणि आकडा वाढतो. चौदा बाटल्यांचे साडेतीन युरो, चिठ्ठी निघाली. मी म्हटलं, अगं, हे तर तीनशे पन्नास रुपये! "बाबा, गुणू नका हो," म्हणाली, "गुणलं की इथं जेवण जात नाही." ते खरं आहे. पहिले दोन महिने ती कॉफीसुद्धा गुणून सोडत होती, आणि तीन युरोचं कॅन्टीनचं ताट सोडून ब्रेडवर राहिली. जेवढे युरो कमवाल तेवढ्यातच भागवा. अभ्यास सांभाळून वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, आणि किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो झालं.

थंडीचे कपडे इथून घेऊ नका. खडेबाजारातलं जाडजूड जॅकेट आम्ही घेतलं होतं अडीच हजारांना, ते तिथल्या नोव्हेंबरातच हरलं. तिनं जुन्या कपड्यांच्या दुकानातून अठरा युरोत कोट घेतला, तो अजून चालतोय. रेनकोट मात्र इथलाच न्या. बेळगावचा पाऊस सोसलेला रेनकोट तिथल्या रिपरिपीला भारी पडतो.

शेवटी एक जिन्नस, जो कुणाच्या यादीत नसतो: कुकरची गास्केट. कुकर प्रत्येकजण नेतो. शेगडी इंडक्शनची आहे का हे आधी विचारा, ॲल्युमिनियमचा तिच्यावर चालत नाही. पण गास्केट सहा-आठ महिन्यांत सैल होते, आणि आपल्या मापाची तिथं सापडत नाही. गणपत गल्लीत साठ-सत्तर रुपयांना मिळते. दोन न्या. आम्ही ती पोस्टानं पाठवली, त्याला साडेसोळाशे लागले. तेही मी दुसऱ्या पानावर, किरकोळमध्ये लिहिलंय.