मुलासाठी पहिली स्लॅलम स्की आणि बाइंडिंग कशी निवडावी

गोव्यात जेट स्की आणि बनाना राइड पावलोपावली दिसतात, पण मुलाच्या मापाची स्लॅलम स्की, म्हणजे बोटीमागे पाण्यावर चालणारी आणि दोन्ही पाय एकामागे एक ठेवायची एकच स्की, दुकानात जाऊन हातात घेऊन बघण्याची सोय फारशी नाही. तिच्यावर पाय धरून ठेवणारे बूट आणि पट्टे म्हणजे बाइंडिंग. बहुतेकदा ती परदेशातून मागवावी लागते, नाहीतर कुणाची वापरलेली मिळते. चुकीच्या मापाची स्की परत पाठवणे खर्चिक असते, म्हणून मापे आधी घ्यावीत आणि खरेदी नंतर करावी.

मूल तयार आहे का?

दोन स्कींवर खोल पाण्यातून उठणे, बोटीमागच्या लाटा दोन्ही बाजूंनी ओलांडणे आणि सरळ जाताना एक स्की दहाएक सेकंद पाण्यावर उचलून धरणे, या तीन गोष्टी मुलाला जमल्या पाहिजेत. वय सातही असेल, अकराही. या गोष्टी जमत नसतील तर स्लॅलम स्की आणून उपयोग नाही, मूल दोनदा पडेल आणि तिसऱ्यांदा पाण्यात उतरणारच नाही.

उचलून धरण्याच्या सरावातूनच पुढचा पाय ठरतो. आळीपाळीने दोन्ही पाय उचलायला सांगावेत. ज्या पायावर मूल स्थिर उभे राहते तो पाय पुढच्या बुटात जातो. पाठीमागून अचानक ढकलून कोणता पाय पुढे पडतो ते बघण्याची युक्ती बरेच जण सांगतात, तिच्यावर विसंबू नये. बरेच बूट डाव्या-उजव्या पायाचे वेगळे असतात, त्यामुळे हे ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

दोन आकडे: वजन आणि वेग

स्कीची लांबी ठरते ती मुलाच्या वजनावर आणि बोटीच्या वेगावर. उंची इथे जवळपास बिनकामाची आहे. ५९ इंची स्की म्हणजे सुमारे दीड मीटर, आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून वर जाते. तरी तीच बरोबर असू शकते.

वजन पोहण्याच्या कपड्यांत करावे. वेग बोट चालवणाऱ्याला विचारावा. इथल्या बोटींवर तो अनेकदा नॉटमध्ये दिसतो: १६ नॉट म्हणजे जवळपास ३० किलोमीटर प्रतितास. नवशिक्या मुलाला एका स्कीवर साधारण २८ ते ३५ किलोमीटर पुरतात. कंपन्यांचे तक्ते पौंड आणि मैलांत असतात. किलोला २.२ ने गुणले की पौंड, आणि किलोमीटरला १.६ ने भागले की मैल.

ढोबळ अंदाज असा. २७ किलोच्या आत मुलांच्या जोडस्कीतली मागच्या पायाचा पट्टा असलेली स्की पुरते, वेगळी स्लॅलम स्की घेऊ नये. २७ ते ४० किलोला ५८ ते ६० इंच, ४० ते ५० किलोला ६१ ते ६३ इंच. त्यापुढे मूल मोठ्यांच्या मापांत शिरते. अखेरचा निर्णय त्या मॉडेलच्या तक्त्यावरच घ्यावा, कारण रुंद स्की त्याच वजनाला थोडी आखूड चालते.

गोची होते ती मोठ्यांचा तक्ता वाचताना. तो बहुधा ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग गृहीत धरतो. त्यावरून घेतलेली स्की आखूड पडते आणि ३० च्या वेगाला मुलाखाली बुडते. मग बोटवाला वेग वाढवतो, मूल उठते खरे, पण पडते तेव्हा पाणी फार जोरात लागते. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठे माप घ्यावे.

मात्र लांबी बरोबर असूनही स्की चुकीची असू शकते. बाबांची जुनी, स्पर्धेची कार्बन स्की मुलाला देणे ही नेहमीची चूक आहे. ती ताठ असते. मुलाच्या वजनाने ती वाकत नाही आणि न वाकणारी स्की वळत नाही. मूल जोर लावते, ती सरळच जाते, आणि दोष मुलाला दिला जातो. मुलासाठी मऊ, पुढून रुंद आणि कडा गोलसर असलेली स्की बघावी. तीक्ष्ण कडा चटकन पाण्यात रुतते. फिनवर, म्हणजे स्कीखाली मागे असलेल्या उभ्या पात्यावर, छोटे आडवे पंख बसवलेले असतील तर काढून टाकावेत. ते वेगात वळणाआधी स्की मंद करण्यासाठी असतात, मुलाच्या वेगाला फक्त ओढ वाढवतात.

बाइंडिंग

पैसे कमी असतील तर स्की साधी घ्यावी, बाइंडिंग नव्हे. दुखापत बहुधा घोट्याला आणि पावलाला होते, आणि ती बाइंडिंगमुळे होते.

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, तसे बाइंडिंग घेऊ नये. सैल बुटात टाच वर सरकते, वळताना स्कीची कड पायाच्या हुकुमात राहत नाही, आणि पडताना पाऊल अर्धेच निघून पिळते. वाढत्या पायाची सोय हवी असेल तर टाचेचा भाग पुढेमागे सरकणारे बाइंडिंग घ्यावे. त्याच्या मापाचा पल्ला दोन-तीन नंबरांचा असतो आणि ते दर हंगामाच्या सुरुवातीला नव्याने लावता येते.

मागच्या पायासाठी दोन पर्याय आहेत: पूर्ण बूट किंवा फक्त बोटांवरचा पट्टा. पहिल्या स्कीला पट्टाच घ्यावा. पाण्यातून उठताना मूल मागचा पाय बाहेर ठेवून सुकाणूसारखा वापरू शकते आणि स्थिर झाल्यावर आत सरकवते. दोन बुटांत खोल पाण्यातून उठणे सुरुवातीला अवघड जाते. शिवाय पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकला की स्कीचा सगळा पीळ एका घोट्यावर येतो.

घरी मापून बघण्याची रीत:

१. पाय आणि बूट दोन्ही ओले करावेत. थोडे शांपूचे पाणी लावावे. कोरडा पाय रबरात जोराने खुपसला तर कातडी सोलते आणि रबरही फाटते.

२. मुलाला खुर्चीवर बसवून बूट दोन्ही बाजूंनी रुंद धरावा, टाच तळाशी टेकेपर्यंत पाय सरकवावा, मग नाडी आवळावी. बोटांच्या टोकाला अगदी थोडी जागा पुरे.

३. उभे करून गुडघे वाकवून पुढे झुकायला सांगावे. टाच अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त उचलली तर बूट सैल आहे. पायाला मुंग्या आल्या तर घट्ट.

४. स्की दोन हातांनी घट्ट दाबून धरावी आणि मुलाला पाय ओढून काढायला सांगावे. जोर लावून निघाला पाहिजे. नाडी न सोडता निघतच नसेल तर ती सैल करावी.

५. मागच्या पट्ट्यात पाऊल चवड्याच्या मागेपर्यंत सहज जावे, टाच मोकळी राहावी. पाऊल आडवे हलले तर पट्टा आवळावा.

बाइंडिंगची प्लेट (बुटाखालची पट्टी) स्कीवर बसवताना मधल्या भोकांपासून सुरुवात करावी. मागचा पट्टा पुढच्या बुटाच्या टाचेला जवळजवळ भिडलेला असावा, अंतर वाढले की छोट्या मुलाचे वजन मागे जाते आणि स्कीचे नाक वर उठते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. दर खेपेला पाण्यात उतरण्यापूर्वी ते हाताने तपासावेत, पण स्क्रू ड्रायव्हरने जीव खाऊन पिळू नयेत. आतले धातूचे आटे निघून आले तर स्की गेली.

वापरलेली स्की घेताना

सगळ्या पृष्ठावर नाण्याने टकटक करत जावे. आवाज एके ठिकाणी बोदा झाला तर आतला थर सुटला आहे. बुटांच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा बघाव्यात, अंगठ्याने दाबून मऊ जागा शोधावी. बाइंडिंगचे रबर ताणावे, चिरा पडल्या तर बाइंडिंग नवीनच घ्यायचे हे धरून भाव करावा. चिरलेली स्की स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये.

सोबतचे सामान

हँडल बारीक मुठीचे घ्यावे, मोठ्यांच्या जाड दांड्याला लहान हात पुरत नाहीत. दोर कमी ताणला जाणारा हवा. बनाना राइडचा दोर त्यासाठी वापरू नये. हवेने फुगणारे लाइफ जॅकेट नको, फोमचे घ्यावे आणि खांद्यावरून वर ओढून बघावे. हनुवटीपर्यंत आले तर सैल आहे. पाणी उबदार असल्याने पूर्ण वेटसूट लागत नाही, पण निओप्रीनची (वेटसूटच्या रबरी कापडाची) शॉर्ट्स मात्र घालावीच. वेगात पडताना पाणी शरीरात जोराने घुसून इजा होऊ शकते, आणि हे पालकांना कुणी सांगत नाही.

पाणी कुठले, हा प्रश्नही स्कीइतकाच महत्त्वाचा. मांडवीत बार्ज, फेरीबोटी आणि त्यांच्या लाटा. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिकडे जाऊच नये. समुद्रावरचा वारा दुपारी वाढतो, म्हणून सकाळी लवकर, भरतीच्या पाण्यात, कालवे (शिंपले) चिकटलेल्या खडकांपासून दूर, मोकळा पट्टा शोधावा. बोटीवर चालकाखेरीज मुलाकडे बघणारा दुसरा माणूस हवा, आणि मूल शिडीजवळ येताच इंजिन पूर्ण बंद.

खाऱ्या पाण्यानंतर

दर वेळी स्की, फिन आणि स्क्रू गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर ॲल्युमिनियमच्या फिनवर पांढरी बुरशीसारखी भर चढते आणि स्क्रू जागीच गंजून बसतात. बूट उन्हात वाळत टाकू नयेत आणि स्की बंद गाडीत ठेवू नये, उष्णतेने थर सुटतात. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा बूट काढून नाड्या सैल कराव्यात, सगळे पूर्ण वाळवावे आणि स्की हवेशीर खोलीत आडवी ठेवावी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नव्हे. सप्टेंबरनंतर पुन्हा काढताना मुलाचे वजन आणि पायाचे माप आधी घ्यावे. बूट लहान झाला असेल तर फक्त बूट बदलावा. स्की तशीच आणखी एक-दोन हंगाम चालते, जोपर्यंत मूल तिच्या तक्त्यातल्या वजनाच्या वर गेलेले नाही.