नऊ टेबलं, पंचवीस चिंचोके: कौटुंबिक हिंसा वर्गात शिकवण्याची एक पद्धत

समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग, विधी, वर्ग कुठलाही असो, कौटुंबिक हिंसेवरचं व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो: "एवढा त्रास होता, तर ती घर सोडून का नाही गेली?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या साधारण चारपैकी एका विवाहित स्त्रीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. मुलं हा आकडा वहीत उतरवून घेतात आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. घर सोडायचं की नाही हे स्वतः ठरवायची पाळी आली, की मात्र तो वेगळा दिसू लागतो. पुढचा तीन तासांचा सराव त्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक नियम: मारहाण, शिवीगाळ, जबरदस्ती यांतलं काहीही कुणाला करून दाखवायला लावायचं नाही. तीस जणांच्या वर्गात हे घरी पाहिलेलं कुणीतरी असतंच, आणि बाकीच्यांना त्यातून धक्क्यापलीकडे काही मिळत नाही. अनुभवायला द्यायचं ते एवढंच, की एका बाईपुढच्या वाटा एकेक करून कशा बंद होत जातात.

मांडणी

तीस विद्यार्थी, पंधरा जोड्या; टेबलांवर बसणारे विद्यार्थी यांच्याखेरीज. मोठ्या खोलीत नऊ टेबलं: सासर, माहेर, शेजार, दवाखाना, पोलीस ठाणं, विशेष कक्ष (पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसते तो), संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेला), कोर्ट, आणि नोकरी-भाडं. चारशे चिंचोके आणा. प्रत्येक जोडीला पंचवीस मिळतात. चिंचोका म्हणजे पैसा, वेळ आणि अंगातली ताकद, सगळं एकत्र. नाण्यांच्या आकाराच्या चकत्या केल्या तर मुलं फक्त पैशाचाच हिशोब करतात.

दर पाच मिनिटांनी घंटा. एक घंटा म्हणजे एक महिना, आणि दर महिन्याला घरखर्चाचा एक चिंचोका जातो. तासाभरात वर्ष सरतं, म्हणजे बाकी सगळ्यासाठी हातात उरतात तेरा. माहेरी जाऊन राहायला तीन, कोर्टाच्या एका तारखेला चार (एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी), संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला दोन. तिथे फी नाही, जाण्यायेण्याला लागतात. नोकरीच्या टेबलावर दोन चिंचोके कमावता येतात, पण कागदपत्रं हातात असतील आणि मूल सांभाळायला कुणी असेल तरच. कागदपत्रांचा लिफाफा सासरच्या टेबलावर असतो. तो मिळवायला दोन घंटा तिथेच बसून राहावं लागतं.

पात्रांची पाच कार्डं तयार करा, प्रत्येकाच्या तीन प्रती, म्हणजे प्रत्येक जोडीला एक. जोडी त्या पात्राच्या जागी राहून टेबलं फिरते, आणि टेबलावरची चिठ्ठी तिथे काय झालं ते सांगते. एक नमुना:

"रेखा, वय २६, बारावी पास. तीन वर्षांचा मुलगा, पुन्हा दिवस गेलेत. मोबाईल आहे, रिचार्ज नवरा मारतो आणि कुणाकुणाला फोन केले ते रोज रात्री बघतो. आधार, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला सासूच्या कपाटात. माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय."

हे कार्ड घेऊन जोडी माहेरच्या टेबलावर गेली, की तिथली चिठ्ठी सांगते: "चार दिवस राहा, पण बहिणीचं लग्न पार पडेपर्यंत तरी सांभाळून घे. तीन चिंचोके द्या. सासरी परत जा." तपशील असाच बारीक हवा. "कुटुंबाने पाठिंबा दिला नाही" असं लिहिलं तर मुलं पुढच्या टेबलाकडे चालू लागतात. उरलेल्या चार पात्रांत एक आंतरजातीय लग्न केलेली मुलगी असू द्या, आणि कॉलेजातली एक, जिचा मित्र फोनचे पासवर्ड आणि लोकेशन मागतो. नाहीतर हिंसा ही फक्त लग्न झालेल्या बाईची गोष्ट ठरते.

कायदा आणि सेवा

चिठ्ठ्यांतला कायदा तंतोतंत हवा, कारण हीच मुलं उद्या कुणाला तरी सल्ला देणार. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा. अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. घटनेचा अहवाल संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्था भरते, त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असावा लागत नाही. कलम १२ खाली अर्ज केल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या टेबलावर हे भिंतीला मोठ्या अक्षरांत लावा, आणि हातात मात्र "पुढची तारीख" अशी चिठ्ठी द्या. घरात राहण्याचा आदेश कलम १९ खाली मिळतो. वकील परवडत नाही म्हणून थांबणाऱ्या जोडीला विचारल्यावरच सांगायचं, की स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं. पोलिसांच्या टेबलावर ४९८-अ (जुन्या दंड संहितेतलं, नवरा-सासरच्यांच्या छळाचं कलम) लिहू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ लागू आहेत.

विशेष कक्षाचं टेबल पोलीस ठाण्याला अगदी लागून ठेवा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत हा कक्ष सुरू केला, तोच पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवून. दवाखान्याच्या टेबलाला पडदा लावा. नवरा बरोबर असताना "कसं लागलं?" विचारलं की उत्तर "जिन्यावरून पडले", एकटीला विचारलं की दुसरी चिठ्ठी. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' केंद्र, मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही आरोग्यावर काम करणारी संस्था यांनी मिळून उभं केलेलं, दवाखान्यातल्या याच क्षणावर काम करतं. नर्सिंगच्या वर्गात या टेबलाला जास्त वेळ द्या.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त पोलिसांच्या टेबलावर. तिथे बसवलेला विद्यार्थी सिनेमातला इन्स्पेक्टर होतो, खोली हसते आणि सराव तिथेच मोडतो. त्याला सांगून ठेवा: आवाज चढवायचा नाही, पाणी विचारायचं, आणि शांतपणे म्हणायचं, "ताई, घरातलं आहे, बोलावून समज देतो त्यांना." सभ्यपणे बंद झालेलं दार मुलांच्या जास्त लक्षात राहतं. टेबलांवर बसणाऱ्यांची आदल्या दिवशी दोन तास तालीम घ्या.

दुसरी चूक म्हणजे याला 'खेळ' म्हणणं. मग जोड्या जिंकायला धावतात. 'सराव' म्हणा.

तिसरी चूक वेळेची: शुक्रवारी दुपारी किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर हे ठेवू नका. मन ढवळलेलं मूल त्याच घरी परत जातं आणि बोलायला कुणी उरत नाही. सोमवार-मंगळवार बरा.

आठवडाभर आधी वर्गात विषय सांगा. नको असेल त्याला तितक्याच गुणांचा लेखी पर्याय द्या आणि कारण विचारू नका. शेजारच्या खोलीत समुपदेशक पूर्ण वेळ बसलेली हवी. कुणी स्वतःचं सांगू लागलं तर "कधीपासून? का?" अशी चौकशी नको. "सांगितलंस ते बरं केलंस. माझा विश्वास आहे तुझ्यावर. आत्ता तुला काय हवंय?" एवढं पुरे. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलंही असतात. अठरा वर्षांखालच्या कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. ही गोष्ट सरावाच्या आधीच सगळ्यांना सांगा. नंतर सांगणं म्हणजे त्या मुलाचा विश्वासघात.

चर्चा

सूचनांना वीस मिनिटं, सरावाला साठ, चहाला पंधरा, आणि चर्चेला उरलेली पंच्याऐंशी. चर्चेची वेळ कापायची पाळी आली तर सराव दहा घंटांवर थांबवा.

आधी पाच मिनिटं शांतपणे लिहू द्या: किती चिंचोके उरले, आणि कुठल्या टेबलावर तुमचा विचार बदलला? बोलणं त्यावरून सुरू करा. "तिने असं करायला हवं होतं" हे वाक्य आलं की विचारा, "त्या वेळी तुमच्या हातात किती चिंचोके होते?" मग फळ्यावर दुसरा प्रश्न लिहा: त्याला कोण कोण थांबवू शकलं असतं? सराव चालू असताना गप्प बसलेली मुलं इथे बोलायला लागतात, कारण मित्र, भाऊ, सहकारी म्हणून ती स्वतः त्या यादीत असतात.

शेवटची पंचवीस मिनिटं चिठ्ठी बदलायला ठेवा. प्रत्येक गटाने एका टेबलावरची एकच चिठ्ठी नव्याने लिहायची आणि चार घंटा पुन्हा चालायचं. हा भाग गाळला तर मुलं हताश होऊन घरी जातात. शेजारच्या टेबलावर "मुलाला संध्याकाळी माझ्याकडे सोड" एवढं लिहिलं तरी नोकरीचं टेबल उघडतं.

पुढच्या पंधरवड्याचं काम: आपापल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कुठे बसतो, 'सखी' केंद्र (हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किती लांब आहे, तिथे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे प्रत्यक्ष जाऊन एका कागदावर उतरवून आणायचं. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) वर "लागतो का बघू" म्हणून फोन करायला सक्त मनाई करा. त्याच मिनिटाला कुणाला तरी खरोखर तो लागायला हवा असतो. तयार झालेला कागद मुलींच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे तो वाचताना कुणाला दिसावं लागत नाही.