पर्सनल लोनचा हप्ता थकलाय? या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ओव्हरटाइम बंद झाला की बऱ्याच घरांत आधी थकतो तो पर्सनल लोनचा हप्ता. तारण काही दिलेलं नाही, मग बँक काय करणार, असं वाटतं. इथंच गणित चुकतं.

खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची सोय, तसंच राहू देऊ नका. हप्ता परत गेला की आपली बँक चार्ज कापते आणि कर्ज देणारी संस्था वेगळा दंड लावते. चेक बाऊन्ससारखीच याचीही फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्त्याच्या तारखेआधीच शाखेत जा, मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना थकलेल्या हप्त्याच्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही, तेवढं स्टेटमेंटमध्ये तपासा.

फोन बंद करून बसणं सर्वांत महागात पडतं. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत कर्ज होतं. मग शाखेतल्या साहेबांच्या हातात फारसं उरत नाही, फाईल वसुलीकडे जाते. त्याच बँकेत ठेव असेल तर ती कर्जात वळती होऊ शकते. घाबरून मोबाइल ॲपवरून दुसरं कर्ज काढून पहिलं भरू नका. व्याज वाढतं आणि थकणारे हप्ते दोन होतात.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर जास्तच सावध राहा. आपल्याकडे ‘तू मला जामीन, मी तुला’ असं सर्रास चालतं. पण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, असं तो म्हणू शकत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाला की दिवाणी दावा न लावताही जप्ती येऊ शकते. पगारातून कपातीचं संमतीपत्र दिलेलं असेल तर कंपनी परस्पर पैसे कापून देते. आपल्यामुळे शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा पगार कापला जाणार असेल, तर त्याला आधी सांगा. तेवढं त्याचं देणं लागतो आपण.

सेटलमेंटची, म्हणजे कमी रक्कम घेऊन खातं मिटवायची ऑफर आली की सुटलो असं वाटतं. पण कर्जफेडीच्या नोंदी दाखवणाऱ्या सिबिल अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ शेरा पडतो, आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की तोच आडवा येतो. ऐपत असेल तर पूर्ण फेडा. नसेलच तर रक्कम आणि तारीख लिहिलेलं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, वसुलीवाल्याच्या हातात रोख तर नकोच. अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो.

नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत. बँकेच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्रास झाला तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची.