कोकणात कुटुंबासाठी आख्खं घर भाड्याने घेताना

दापोली, गुहागर किंवा अलिबागकडे आख्खं घर घ्यायचं तर फोटो बघून ठरवू नका, मालकाला फोन करा. "बारा जण आरामात झोपतील" यात जमिनीवरच्या गाद्या धरलेल्या असतात. पलंग किती, संडास किती, त्यातले कमोडचे किती, हे नेमकं विचारा. आजी-आजोबा सोबत असतील तर तळमजल्यावरची खोली आधीच सांगून ठेवा; माडीचा जिना बहुधा उभा असतो.

खरा घोळ पाण्याचा. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. टाकी किती लिटरची आणि टँकर मागवला तर पैसे कोण देणार, ते आधी ठरवा. दहा जणांना दिवसाला १,००० लिटर तरी धराच. वीज गेली की पंप बंद, आणि घरगुती इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर घर फाटकापासून आतपर्यंत दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या. तारखा, खोल्या सोडायची वेळ, रद्द केल्यास परतावा, गॅस भाड्यात की वेगळा, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

टेम्पो ट्रॅव्हलर नेणार असाल तर गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, शेवटची वाट किती रुंद आहे आणि गाडी वळेल का, तेही विचारा. जेवण आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको.