गायब होण्याआधी माहितीपट जपायचा कसा

चीनमधल्या धुरक्यावरचा 'अंडर द डोम' हा माहितीपट २८ फेब्रुवारी २०१५ ला ऑनलाइन आला. पर्यावरणमंत्र्यांनी कौतुकही केलं. तरी आठवडाभरात, बीजिंगमध्ये संसदेचं अधिवेशन चालू असतानाच, तो तिथल्या मोठ्या व्हिडिओ साइटवरून उतरवला गेला. ज्यांनी नुसती लिंक जपली, त्यांच्या हाती काहीच उरलं नाही.

म्हणून फाइलच डाउनलोड करा. वेब-अर्काइव्हवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) विसंबू नका. तिथे पान राहतं, पण व्हिडिओचा चौकोन बरेचदा रिकामाच. 'वायटी-डीएलपी' (व्हिडिओ डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर सबटायटल वेगळे मागावे लागतात, न मागता येत नाहीत. मग लांबी बघा: हा माहितीपट सुमारे १०४ मिनिटांचा आहे, ६० मिनिटांची फाइल म्हणजे डाउनलोड मध्येच तुटलंय. शेवटची पाच मिनिटं चालवूनच बघा.

पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. आधी तो एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये करा (फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका). फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा ओळख-कोड) काढून तारखेसह लिहून ठेवा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि हॅश बदलतो. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी.