शॅमेलिऑनचा मुडदूस: आधी पिंजरा, मग औषध

फांदीवरून चालताना शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा पाळीव सरडा, कोपरांवर रेलतो, पोट फांदीला घासतं, आणि कोपराखालचा सरळ हात धनुकलीसारखा वाकलेला दिसतो. किड्यावर नेम धरतो, तोंड उघडतो, पण जीभ जेमतेम बाहेर येऊन लोंबते. असं दिसलं की दुखणं बहुधा हाडांचं असतं. लहान मुलांच्या मुडदुसाचाच हा भाऊबंद. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं मऊ होतात, वाकतात, मोडतात. स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं, त्यामुळे जीभ आणि पकड ढिली पडते, बोटं थरथरतात.

पुढचे आकडे येमेनी शॅमेलिऑनचे आहेत, म्हणजे डोक्यावर उंच तुरा असलेल्या जातीचे. जगभर पाळला जातो तो बहुतेक हाच. आपल्या रानातला शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा, मात्र या लेखात येत नाही. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, त्यामुळे तो घरी ठेवता येत नाही. सापडला किंवा जखमी दिसला तर वनखात्याला कळवायचं. येमेनी शॅमेलिऑनही सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहे. भारतात तो बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

डॉक्टरकडे कशासाठी जायचं

एक्स-रे काढण्यासाठी आणि औषधाचं माप ठरवण्यासाठी. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना सरड्यांचा अनुभव नसतो, तेव्हा जाण्याआधी फोनवर विचारा. झटके येत असतील, मागचे पाय लुळे पडले असतील किंवा फांदीवरून वारंवार पडत असेल, तर त्याच दिवशी न्या. कॅल्शियमचं सिरप वजनावर ठरतं आणि इथे वजन शंभर-दीडशे ग्रॅमच असतं, म्हणजे अंदाजाने दिलेला अर्धा चमचासुद्धा भलताच डोस होतो. ड जीवनसत्त्व तर स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. ते जास्त झालं की कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

आणि डॉक्टरांनी कितीही चांगलं औषध दिलं तरी, ज्या पिंजऱ्यात हाडं वाकली त्याच पिंजऱ्यात जनावर परत गेलं तर औषध वाया गेलं असं समजा.

दिवा

बहुतेक वेळा चूक इथेच सापडते. शॅमेलिऑनच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी ड जीवनसत्त्वाचा कच्चा माल तयार होतो आणि अंगाच्या उबेने त्याचं ड-३ होतं. म्हणजे किरण आणि ऊब दोन्ही हवेत, आणि एकाच फांदीवर हवेत. ड-३ नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, मग पावडर कितीही भुरभुरा.

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उजेड देतं, यूव्हीबी नाही. काच ते अडवते. झाडांसाठी मिळणारे एलईडी दिवेही यासाठी निरुपयोगी. पिळाचा छोटा यूव्हीबी बल्ब वितभर जागेपुरता चालतो आणि पलीकडे अंधार. हवी ती टी-फाइव्ह एचओ जातीची लांब नळी, ६ टक्क्यांची (काही कंपन्या हिलाच ५.० म्हणतात), पिंजऱ्याच्या रुंदीइतकी, वर परावर्तक पत्रा असलेली. ती जाळीवर ठेवली तर खालची ऊन खायची फांदी २० ते २५ सेंटिमीटरवर येऊ द्या. हे अंतर नळीपासून जनावराच्या पाठीपर्यंत मोजायचं, फांदीपर्यंत नाही. किरण मोजायचं मापक असेल तर पाठीच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास यावा. बारीक जाळी साधारण तिसरा हिस्सा किरण खाते, आणि नळी वर्षभराने बदलावी लागते. उजेड तसाच दिसतो, किरण मात्र सरलेले असतात. नळीवर मार्करने तारीख लिहून ठेवा.

उबेसाठी शेजारी साधा पिवळा बल्ब लावा. नराला पाठीशी २९ ते ३० अंश सेल्सिअस, मादीला २७–२८. दोन्ही दिवे बारा तास, टायमरवर. आजारी जनावर उबेखाली तासन्‌तास बसून राहतं आणि कातडी भाजली तरी हलत नाही, त्यामुळे बल्ब जाळीला टेकलेला नको. तुऱ्याच्या टोकावर काळपट डाग दिसला की तो भाजल्याचा समजा.

आजारपणाचा पिंजरा

धडधाकट नराला ६० × ६० × १२० सेंटिमीटरचा जाळीचा पिंजरा लागतो. मुडदुसाच्या रोग्याला तीच उंची घातक ठरते, कारण चार फुटांवरून पडणं म्हणजे मांडीचं हाड गेलं. बरं होईपर्यंत साधारण ४५ × ४५ × ६० सेंटिमीटरचा पिंजरा पुरे. सर्वांत वरची फांदी जमिनीपासून ३०–३५ सेंटिमीटरवर. तळाला दोनदा घडी घातलेला मऊ टॉवेल आणि त्यावर कागद. माती, भुसा, खडे नकोत; ते तोंडात जातात, आणि शी कशी झाली तेही कळत नाही.

फांद्या आडव्या, खडबडीत सालीच्या, तुमच्या अंगठ्याएवढ्या जाड. गुळगुळीत काठीवर कमजोर पकड निसटते. दोन फांद्यांमधलं अंतर जनावराच्या हाताच्या लांबीपेक्षा कमी ठेवा, म्हणजे त्याला लोंबकळून पलीकडे जावं लागत नाही. तिन्ही बाजूंना आतून कागद किंवा कापड लावलं की जाळीवर चढून उलटं लटकणंही थांबतं. आडोसा हवाच, नाहीतर ताणानेच खाणं सुटतं. जास्वंदीची कुंडी उत्तम. पानं-फुलं खाल्ली तरी चालतात. मात्र नर्सरीतून आणलेलं झाड फवारलेलं असतं. पानं धुऊन, माती बदलून, निदान तीन-चार आठवडे बाहेर ठेवून मग आत घ्या. कण्हेर आणि रुई विषारी. त्यांची काठीसुद्धा वापरू नका.

पाणी आणि रात्र

वाटीतलं साचलेलं पाणी शॅमेलिऑन सहसा ओळखत नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री ते विझल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा, आणि दुपारी पानावर पडणारं थेंब-थेंब पाणी, सलाइनच्या नळीतून मिनिटाला वीस-तीस थेंब. पाणी पुरतंय का, हे शीबरोबर येणाऱ्या घट्ट भागावरून कळतं. पांढरा असेल तर ठीक, गर्द केशरी असेल तर पाणी कमी पडतंय. सुईविना पिचकारीने घशात पाणी ढकलू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं.

येमेनच्या डोंगरात रात्री गार आणि धुक्याच्या असतात. दमटपणा तिथे गारव्यासोबत येतो. मुंबई-कोकणातली रात्र दमट, पण २७–२८ अंशांची, आणि उबदार, दमट, कोंडलेली हवा हेच फुप्फुसाच्या संसर्गाचं आमंत्रण. म्हणून पावसाळ्यात तिथे धुकं सोडणारं यंत्र बंद, काचेची पेटी तर नकोच. पंखा खोलीत फिरता ठेवा, पण झोत पिंजऱ्यावर नको. शक्य असेल तर रात्री खोली २२ च्या खाली आणा. पुणे-नाशिकच्या थंडीत उलट काम सोपं होतं. उन्हाळ्यात खोलीच ३२ वर गेली तर बल्ब बंद करा, यूव्हीबी नळी मात्र चालू राहू द्या.

तोंड उघडं दिसलं की जागा पाहा. दिव्याखाली, फिक्या रंगात तोंड वासून बसला असेल तर उकडतंय. दिव्यापासून दूर, मान वर करून, टिकटिक आवाजासह तोंड उघडं असेल तर छातीचा आजार, डॉक्टर.

खाणं

रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे किडे पोटभर खाऊनही हाडं उपाशी राहू शकतात. म्हणून किडा देण्याआधी चोवीस तास त्यालाच जेवू घाला: शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. शेवगा यात सर्वांत कामाचा, कॅल्शियमने भरलेला. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. देताना किडे पिशवीत घालून ड-३ नसलेल्या कॅल्शियम पावडरीत हलकेच हलवा; धुरळा बसावा, कणकेसारखा थर नको. ड-३ आणि जीवनसत्त्वांची पावडर एरवी महिन्यातून दोनदा. आजारपणात डॉक्टर सांगतील तसं. मोठ्याला दिवसाआड चार-पाच किडे पुरतात.

जीभ चालत नसेल तर किडा अर्धपारदर्शक डब्यात, तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर धरा. तेही जमेना तर चिमट्याने ओठापाशी न्या. बागेतले किडे, विशेषतः पावसाळ्यातले काजवे, अजिबात नकोत. काजव्यांमध्ये हृदयावर घात करणारं विष असतं.

औषध पाजताना जबडा ओढून उघडायचा नाही, तो मऊ असतो आणि बोटात वाकतो. बोट समोर आणलं की तो चिडून फिस्स करतो आणि स्वतःच तोंड उघडतो. त्या क्षणी एक मिलीच्या पिचकारीने गालाच्या आत, बाजूला, थेंबाथेंबाने सोडा. उचलतानाही वरून पकडू नका, फांदीवरून ओढू तर नकाच. तळहात समोर खाली धरा आणि त्यालाच पाऊल टाकू द्या.

दर दोन दिवसांनी, एकाच वेळी, ग्रॅमच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. दहाव्या हिश्श्याने उतरलं तर थांबू नका, दाखवा. दिवसा डोळे मिटलेले असतील तर तेही आजाराचंच लक्षण. माणसांच्या डोळ्यांचे थेंब त्यात घालू नका.

मादी असेल तर आणखी एक काम असतं. ती नराशिवायही अंडी घालते आणि त्यांच्या कवचासाठी कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून देते. अंडी अडकून राहिली तर जीव जातो. पाच-सहा महिन्यांची झाली की ३० सेंटिमीटर खोल, धुतलेल्या ओलसर वाळूची बादली पिंजऱ्यात ठेवा. वाळूत बोट खुपसलं तर भोक तसंच राहावं, इतकाच ओलावा. ती खणत असताना डोकावू नका, बघतंय कोणी असं वाटलं की काम सोडून देते.

थरथर काही दिवसांत थांबते, जिभेला आठवडे लागतात, हाडांना महिने. उंच पिंजऱ्यात परत नेण्याआधी पुन्हा एक्स-रे काढून घ्या. वाकलेला हात सरळ होत नाही, तो वाकलेल्या अवस्थेतच टणक होतो. तशा शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात जाड आणि जवळजवळच्या फांद्या कायमच्या ठेवाव्या लागतात.